पाणी मोजावें कोणीं?

पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागाचा नकाशा पुढें ठेवला, तर सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून पूर्वेकडे उतरणाऱ्या तीन नद्या प्रथम नजरेंत भरतात. उत्तरेस कुकडी, मध्यें मीना आणि दक्षिणेस घोड. जुन्नर आणि आंबेगांव हे तालुके मुख्यतः या तीन नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले आहेत. पारगांव या नांवाचीं दोन गांवें या प्रदेशांत आहेत. एक जुन्नर तालुक्यांत, आळे गांवाच्या अंगाला, आणि दुसरें आंबेगांव तालुक्यांत, मीना जेथें घोड नदीला मिळते त्या परिसरांत. डोंगराळ मावळ संपून दख्खनचें कोरडें पठार जेथें सुरू होतें, त्या उंबरठ्यावरचीं हीं गांवें. या उंबरठ्यावर उभें राहून आज आपणांस एका प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे. पाण्याचें शास्त्र या भूमींत कोणाला ठाऊक होतें, तें कोणाला शिकविण्यांत आलें, आणि कोणाला शिकवावयाचें राहून गेलें, हा तो प्रश्न होय.

नद्या तीन असल्या, तरी पाऊस सर्वत्र सारखा नाहीं. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या घाटमाथ्याच्या पट्ट्यांत वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांच्या आसपास, कधीं त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. तेथून सरळ रेषेंत १०० किलोमीटरांच्या आंत शिरूर लागतें. तेथें तो ५०० ते ६०० मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. तोही चार महिन्यांत पडून जातो, आणि उरलेले आठ महिने सांठविलेल्या किंवा मुरलेल्या पाण्यावर काढावे लागतात. मुरण्याची गोष्टही येथें सोपी नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर बसून हा काळा पाषाण तयार झाला. अखंड काळा पाषाण पाणी जवळजवळ पीत नाहीं. पाणी राहतें तें त्याच्या भेगांत, वरच्या झिजलेल्या मुरमांत, आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. म्हणूनच एका शेतांत विहिरीला थोड्या खोलीवर पाणी लागावें आणि शेजारच्या शेतांत दुप्पट खोदूनही कोरडा खडकच हातीं यावा, हा अनुभव या भागांत घरोघरचा आहे. जेथें निसर्गानें पाणी इतकें विषम वांटलें आहे, तेथें पाण्याचें ज्ञान हें भाकरीइतकेंच निकडीचें ठरतें.

हें ज्ञान येथें फार प्राचीन काळापासून होतें. कोंकणांतून जुन्नरास चढणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांच्या काळीं, म्हणजे सुमारें २,००० वर्षांपूर्वीं, राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख कोरला गेला. इतिहासाचा अभ्यासक त्या लेखापाशीं थबकतो. परंतु त्याच घाटांत खडक खोदून केलेलीं पाण्याचीं टाकींही तितकींच पाहण्याजोगीं आहेत. जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि लेण्यांच्या जोडीला टाकीं आहेतच. प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलेलें आढळतें. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें वर्ष ४६ मध्यें एक पोढी आणि एक मंडप दान दिल्याची नोंद मानमोडी डोंगरांतील लेखांत आहे. करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठीं एका शक दात्यानें जमिनीचें उत्पन्न लावून दिलें, असा अर्थ अभ्यासकांनीं जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखाचा लाविला आहे. पाणी आणि वृक्ष यांचें पुण्य राजाच्या अमात्याला आणि परदेशांतून आलेल्या दात्याला सारखेंच कळत होतें, असें यावरून दिसतें.

पण टाकें खोदणें हें केवळ छिन्नीहातोड्याचें काम नव्हे. पाणी कोणत्या थरांतून पाझरतें, कोणता खडक तें धरून ठेवतो, पावसाचा ओघळ कोणत्या वाटेनें आंत वळवावा, उन्हानें पाण्याची वाफ कमी व्हावी म्हणून तोंड किती अरुंद ठेवावें, हें सारें ठाऊक असल्यावांचून उन्हाळ्यांतही पाणी देणारें टाकें सिद्ध होत नाहीं. हें जाणणारे लोक कोण होते? नाशिकच्या लेण्यांतील एका लेखांत ‘ओदयंत्रिक’ म्हणजे जलयंत्रें करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीचा उल्लेख येतो. अशा कारागिरांत विद्या बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून उमेदवाराकडे जात असली पाहिजे. शिलालेखांत दात्यांचीं नांवें राहिलीं. टाकें जेथें खोदलें ती जागा कोणत्या खुणांवरून निवडली, हें मात्र कोणीं कोरून ठेविलें नाहीं.

पुढील अनेक शतकें हीच रीत चालली. विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या झाडांच्या खुणा, जमिनीचा उतार आणि मुरमाचा रंग पाहून बोले; त्याच्या बोलण्यांत पिढ्यांचा अनुभव किती आणि अटकळ किती, हें निवडून काढण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. खानदेशांत पांझरा नदीच्या खोऱ्यांत फडपद्धति होती. तेथें पाटाचें पाणी पाळीनें वांटण्यासाठीं पाटकरी नेमलेले असत आणि पिकांचा विचार सारा फड मिळून करीत असे. हें ज्ञान अडाणी नव्हतें, व्यवहारांत तें पुरेपूर कसाला लागलेलें होतें. तथापि तें त्या त्या खोऱ्यापुरतें आणि त्या त्या घराण्यापुरतें राहिलें. वृद्ध मनुष्य गेला म्हणजे त्याच्याबरोबर विहिरींचा इतिहासही गेला, अशी अवस्था होती.

इंग्रजी अमदानींत पाण्याचें शास्त्र प्रथमच शाळेंत आलें. १८५४ मध्यें पुण्यास सरकारी बांधकामखात्याकरितां कनिष्ठ अधिकारी तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग उघडण्यांत आला. त्याचेंच पुढें कॉलेज ऑफ सायन्स झालें, आणि तेथूनच १८८३ मध्यें मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे पदवी घेऊन बाहेर पडले. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनीं बसविलेले आपोआप उघडमीट करणारे दरवाजे आणि नीरा कालव्यावर सुरू केलेली ‘ब्लॉक’ पद्धति या गोष्टी सुविद्य श्रोत्यांना परिचित असतील. या शिक्षणाचें मोल थोडें नाहीं. नदीच्या प्रवाहाचें माप, मातीच्या बांधाची स्थिरता, कालव्याचा उतार हीं आतां अनुमानाचीं राहिलीं नाहींत. तीं आंकड्यांचीं झालीं. परंतु या शाळेचा हेतु स्पष्ट होता. कालवा बांधणारा आणि त्याची पट्टी आकारणारा अधिकारी तिला घडवावयाचा होता. ज्याच्या शेतांतून कालवा जाई, तो शेतकरी आणि त्याचीं मुलें या वर्गाच्या बाहेरच होतीं.

नेमकें हेंच वर्म जोतीराव फुले यांनीं ओळखलें. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळांत वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचें आणि आरोग्याचें मूलज्ञान द्यावें अशी मागणी केली. पुढच्याच वर्षीं, १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं पाण्याचा विचार विस्तारानें मांडला आहे. पावसाचें पाणी शेतांत मुरून मगच ओढ्यानाल्यांस मिळावें अशा रीतीनें जागोजाग ताली व बंधारे घालावे, आणि त्या कामीं सरकारनें आपलें लष्कर व पोलीस लावावें, ही त्यांची सूचना पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच ठिकाणची दुसरी सूचना मात्र फारशी सांगितली जात नाहीं. पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करवून, जेथें चांगले झरे सांपडतील त्या जागा गांवोगांवच्या नकाशांवर नोंदाव्या आणि स्वतःच्या खर्चानें विहीर खोदणाऱ्याला बक्षीस द्यावें, असें ते म्हणतात. या सूचनेचा अर्थ नीट लक्षांत घ्या. जें ज्ञान एका माणसाच्या डोक्यांत बंद होतें, तें गांवाच्या नकाशावर यावें, सर्वांना वाचतां यावें आणि पुढच्या पिढीस पडताळून पाहतां यावें, अशी ती योजना होती. ती त्या वेळीं मनावर घेतली गेली असती, तर गांवच्या विहिरींचा नकाशा हा शाळेंतल्या पाटीइतकाच परिचित झाला असता.

१९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेंत महात्मा गांधींच्या पुढाकारानें मूलोद्योग शिक्षणाचा विचार पुढें आला. हातानें काम करीत असतांनाच मुलानें गणित, भाषा आणि निसर्गशास्त्र शिकावें, हें त्याचें मर्म. स्वातंत्र्यानंतर मात्र देशाचें लक्ष मोठ्या धरणांकडे वळलें, आणि तें स्वाभाविकही होतें. आपल्या या तीन नद्यांवर कुकडी प्रकल्प उभा राहिला. येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगांव जोगे अशीं पांच धरणें झालीं. पाणी कालव्यांतून पूर्वेकडे थेट अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांतील शेतांपर्यंत गेलें. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें मूळ गांव डिंभ्याच्या जलाशयाखालीं गेलें; तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो. पाण्यासाठीं कोणी काय दिलें, याचा हा एक ठसठशीत दाखला आहे, आणि तालुक्याच्या शाळांतील मुलांना तो भूगोलाच्या पहिल्या पाठांत सांगितला गेला पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळानें धरणांबरोबर आणखी कांहीं हवें आहे, हें दाखवून दिलें. त्या वर्षांनंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं विलासराव साळुंखे या अभियंत्यानें पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वांटा जमिनीच्या मानानें न देतां घरांतील माणसांच्या मानानें द्यावा, भूमिहीनालाही तो असावा, आणि उंसासारखें तहानलेलें पीक त्या पाण्यावर घेऊं नये, असे त्याचे नियम होते. हे नियम पाळावयाचे, तर गांवांत किती पाणी आलें आणि किती उरलें, हें गांवानेंच मोजावयास हवें. न्यायाची वांटणी मापावांचून होत नाहीं, हा धडा प्रौढांच्या या शाळेंत गिरविला गेला.

मुलांच्या शाळेंत तो धडा आणण्याचें काम पारगांवच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर, शिरूर तालुक्यांतील पाबळ या अवर्षणग्रस्त गांवीं घडलें. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टर आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधनशाळेंत मोठ्या जागीं काम केलेले शास्त्रज्ञ श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें तेथें विज्ञान आश्रम स्थापिला. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचा त्याला आधार होता. शाळेंत नापास झालेला किंवा शाळा सोडलेला खेड्यांतील मुलगा बुद्धीनें कमी नसतो. त्याच्या हातांना काम दिलें, तर त्याची बुद्धि आपोआप चालूं लागते, अशी कलबागांची श्रद्धा होती. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम आंखला, त्यांत आठवड्याचा एक दिवस बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य या विषयांच्या प्रत्यक्ष कामाला दिलेला असे.

पाण्याच्या बाबतींत पाबळचा एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. भूगर्भांतील पाणी शोधण्यासाठीं जमिनीचा विद्युत्-रोध मोजण्याची रीत शास्त्रज्ञांना ठाऊक होती. पाबळच्या तरुणांनीं तिचें यंत्र हाताळून शेतकऱ्यांना विहिरींच्या जागा सांगण्यास आरंभ केला. रीत अशी कीं, चार सळ्या एका ओळींत जमिनींत रोवावयाच्या. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची आणि आंतल्या दोहोंमधला विजेचा दाब मोजावयाचा. सळ्यांतलें अंतर वाढवीत नेलें, म्हणजे वीज अधिकाधिक खोल थरांतून जाते. ओला मुरूम विजेला सहज वाट देतो. कोरडा अखंड पाषाण तिला अडवितो. मिळालेले आंकडे कागदावर मांडून रेघ काढली, कीं खालच्या थरांचा अंदाज बांधतां येतो. या रीतीलाही चूक होतेच. परंतु ती चूक वहींत राहते, आणि पुढच्या विहिरीच्या वेळीं तपासतां येते. पाणाड्याची दृष्टि आणि शास्त्रज्ञाचें यंत्र हीं खेड्यांतल्या एका तरुणाच्या हातीं एकत्र आलीं. शंभर वर्षांपूर्वीं जोतीरावांनीं नकाशावर ज्या खुणा मागितल्या होत्या, त्या करणारा हात असा तयार झाला. कलबाग २००३ मध्यें निवर्तले. त्यांचा आश्रम त्यांच्यामागेंही चालू राहिला.

याच सुमारास हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला होता. १९९१ च्या नोव्हेंबरांत महेशचंद्र मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरण हा विषय शिक्षणांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रांत पाठ्यपुस्तकें आलीं. पुढें माध्यमिक वर्गांसाठीं ‘जलसुरक्षा’ या नांवाचें स्वतंत्र पुस्तकही बालभारतीनें काढलें. ही प्रगति कोणीही मान्य करील. परंतु विषयाचें पुस्तक झालें म्हणजे विद्या झाली, असें नव्हे. पाणी जपून वापरावें, हें वाक्य दहा वेळां लिहून काढणारा विद्यार्थी आपल्या गांवच्या विहिरींतील पाणी मार्गशीर्षांत किती हातांवर होतें आणि चैत्रांत किती खालीं गेलें, हें सांगूं शकत नसेल, तर त्याला नीतिपाठ मिळाला. शास्त्र मिळालेलें नाहीं.

हा भेद केवळ शिक्षणशास्त्राचा नाहीं, हें आंबेगांव तालुक्यानें फार मोठी किंमत देऊन पाहिलें आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं, मुसळधार पावसांत, माळीण गांवावर डोंगराचा कडा उतरला आणि दीडशेंहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. गांव जागेवर नाहीं, ही बातमी बाहेर नेली ती एस. टी.च्या कर्मचाऱ्यांनीं. अतिवृष्टि, तीव्र उतार, खडकावरची झिजलेली जाड माती आणि उतारावर झालेले मानवी फेरफार यांपैकीं कोणाचा वांटा किती, यावर तज्ज्ञांत वाद झाले. पण मूळ यंत्रणा एखाद्या आठवीच्या मुलालाही समजावी इतकी सरळ आहे. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरून गेल्या, कीं माती जड होते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खालचा पाषाण पाणी घेत नाहीं, आणि सारा थर त्यावरून घसरतो. उतारावर नव्या भेगा दिसणें, झाडें व खांब कलणें, नितळ झरा एकाएकीं गढूळ होणें, या त्याच्या पूर्वखुणा होत. मोजलेला पाऊस आणि पाहिलेल्या खुणा यांची वही डोंगरांतील प्रत्येक शाळेंत असेल, तर तिची एक ओळ कोणा गांवाला वेळेवर जागें करूं शकेल. प्रत्येक दरड टळेल असें कोणी म्हणणार नाहीं. तरी झोपेंत सांपडणें आणि सावध असणें यांतलें अंतर प्राणांएवढें आहे.

आतां पुन्हां पारगांवाकडे वळूं. आंबेगांवच्या पारगांवीं भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, आणि भोंवतालच्या शिवारांत ऊंस उभा आहे. येथील शाळेंत पाण्याचा पहिला पाठ बेरीज-वजाबाकीनेंच देतां येईल. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १ लिटर पाणी झालें. एका एकरांत सुमारें ४,०४७ चौरस मीटर असतात. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर त्या एकरावर सुमारें २४ लाख लिटर पाणी आकाशांतून येतें. उंसाची वर्षाची तहान २,००० मिलिमीटर धरली, तर ती ८१ लाख लिटर होते. पडलेला सर्व पाऊस पिकाच्याच मुखीं गेला असें मानलें, तरी ५७ लाख लिटर उरतात. ते एक तर घाटमाथ्यावरच्या धरणांतून यावयाचे, नाहीं तर जमिनीच्या पोटांतून. हा हिशेब मांडणाऱ्या मुलाला ऊंस लावूं नका असा उपदेश करण्याचें कारण नाहीं. ठिबकानें किती वांचेल, पिकांची पाळी बदलली तर काय होईल, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला आपला कोणी भाऊबंद वाट पाहत आहे काय, हे प्रश्न तो स्वतःच विचारूं लागेल.

शाळेच्या भिंतींबाहेर अशीं पुस्तकें येथें पुष्कळ पडलेलीं आहेत. जुन्नर तालुक्यांत कुकडीच्या कांठीं बोरी येथें नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला आहे. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचें संशोधक मानतात; ती सुमारें ७५,००० वर्षांपूर्वींची कीं त्याहून फार जुनी, यावर त्यांच्यांत मतभेद झाले आहेत. हजारों मैलांवरचा उद्रेक आपल्या नदीनें आपल्या पोटांत जपून ठेवला, हें ज्या मुलानें कांठावर जाऊन पाहिलें, त्याला नदी म्हणजे केवळ वाहणारें पाणी, असें पुन्हां वाटणार नाहीं. मानमोडीची पोढी, डिंभ्याचा जलाशय, बोरीचा कांठ आणि गांवची विहीर हे या प्रदेशाच्या जलशास्त्राचे चार खंड होत. ते वाचण्यास एक दोरी, एक सरळ भिंतींचें पसरट भांडें, एक पट्टी आणि एक वही पुरेशी आहे; आणि शाळेला आठवड्याचा एक दिवस मोकळा मात्र हवा.

शहरांतील सुविद्य कुटुंबांचा या साऱ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. नारायणगांवच्या बाजारांतून आपल्या घरीं येणारा टोमॅटो आणि आपल्या चहांतली साखर हें या खोऱ्यांतील पाणीच होय; तें रूप बदलून आपल्या दारीं येतें. तेव्हां त्याचा हिशेब ठेवणें हें एकट्या खेड्याचें ओझें असूं नये. येत्या मृगापासून आपल्या गच्चीवर मुलांनीं तसेंच भांडें ठेवून रोजचा पाऊस पट्टीनें मोजावा, तो वहींत लिहावा, आणि घरांत नळानें किती पाणी आलें तें त्याच्या शेजारीं मांडावें. जुन्नरच्या दात्यांनीं आपलें दान दगडावर कोरलें, विश्वेश्वरय्यांनीं आपले आंकडे कार्यालयांत ठेवले, जोतीरावांनीं ते गांवाच्या नकाशावर मागितले, आणि पाबळच्या मुलांनीं ते स्वतः काढून दाखविले. पाणी मोजावें कोणीं, या प्रश्नाचें उत्तर या क्रमांतच आहे. जो तें पितो, त्यानें तें मोजावें. आणि मोजण्याची विद्या त्याला बालपणींच मिळावी.